खालच्या दाराआडचा गहू

सर्बियातल्या चाचक गावच्या मुख्याध्यापकांची बायको रादोयका हिने माहेराहून आणलेली एकच मोठी वस्तू म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचा साइडबोर्ड. वर काचेची दारं, मध्ये संगमरवरी फळी, खाली लाकडी दारं. युद्धाच्या हिवाळ्यांत तिने खुर्च्या जाळल्या, पण सुतार बापाने केलेल्या या साइडबोर्डला हात लावू दिला नाही. १९५० च्या नोव्हेंबरात मात्र त्याच्यासमोर जायच्या आधी ती रस्त्याकडची खिडकी बघून घेई.

खालच्या दाराआड नवऱ्याच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे येणाऱ्या संताच्या दिवसाचा नैवेद्य होता: शिजवून कुटलेला गहू, साखर, अक्रोड. कम्युनिस्ट पक्षाच्या माणसाने संताचा दिवस पाळायचा नाही, आणि नवरा मिलोये आता पक्षाचा सभासद होता. शेजारच्या गावातल्या एका मास्तरांची नोकरी याच पायी गेली होती.

"यंदा तरी राहू दे," मिलोये म्हणाला होता.

"मग तुझ्या मेलेल्या आजोबांना तूच काय ते सांग."

संताच्या दिवशी कुणाला बोलावत नाहीत. यायचं तो येतो. मिलोयेच्या संताचा दिवस सोळा नोव्हेंबर; त्या दुपारी दार वाजलं. पक्षाचे चिटणीस ब्लागोये आले होते, एकटेच.

"मास्तर, आज घरी?"

"डोकं दुखतंय."

"सोळा नोव्हेंबरला जिल्ह्यातल्या बऱ्याच मास्तरांची डोकी दुखतात."

मिलोये घाईने बायकोकडे वळला. "अगं, पाहुण्यांना मुरंबा आण."

एरवीच्या पाहुण्यांसाठीचा मुरंबा वरच्या काचेआड होता. पण या दिवशी पाहुणा आला की काय काढायचं, हे वीस वर्षांत रादोयकाच्या हातांना पाठ झालं होतं. भानावर आली तेव्हा ती गव्हाचं तबक धरून ब्लागोयेंच्या पुढ्यात उभी होती. मागे घेतलं असतं तर कबुलीच झाली असती.

ब्लागोये बोलता बोलता उठले, टोपी काढली, लहानपणीच्या सवयीने छातीवर क्रूसाची खूण केली आणि चमचाभर गहू तोंडात घातला. मग चावायचे थांबले.

ब्लागोयेंची नजर रस्त्याकडच्या खिडकीवर गेली.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "पडदा ओढा."

"तुम्ही मुरंबा खाल्लात, भाऊ," रादोयका म्हणाली. "मी तेच सांगेन."

"विचारलंय कुणी?" ते खेकसले आणि पाणीही न पिता निघून गेले.

फेब्रुवारीत मिलोयेची बदली दूरच्या डोंगरातल्या शाळेत झाली. हुकमावर ब्लागोयेंची सही होती; गव्हाचा उल्लेख कुठेच नव्हता.

"नोकरी तर राहिली," मिलोये म्हणाला.

"तिथला चिटणीस गहू खाणारा आहे का, ते आधी विचार."