अक्काचा डावा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही अक्काला ओळखत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. भावजी गेल्यापासून संतपूरला आमच्याकडेच असते. तीन वर्षांपूर्वी तिचा डावा हात थरथरायला लागला. चहा सांडायचा, भाकरी फाटायची. रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला — सगळं नॉर्मल. मी चिडलो. काहीच नाही, तर हात हलतो कशानं?

मला मोजायची सवय. केव्हा हलतो, किती वेळ, ते वहीत लिहायला लागलो. आम्ही लिंगायत, इष्टलिंग पूजणारे. अक्का रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग ठेवून बसते. घड्याळ लावून पाहिलं — रोज बारा मिनिटं, अकरा दिवस. तळहात एकदाही हलला नाही.

“माझ्या हाताचा हिशोब करायलास व्हय रं, बाबू?” ती हसली. “बेरीज चुकू देऊ नको.”

मला हसू आलं नाही. जेवताना सगळ्यांसमोर म्हणालो, “पूजेला हालत न्हाई, भाकरीलाच कामून हालतो? नाटक करायलीस तू.”

पण कबुली ही नव्हे. हे तर घरात सगळ्यांनी ऐकलंय.

वही घेऊन मी तिला बिदरच्या डॉक्टरांकडे नेलं — चोरी पकडून द्यायलाच, दुसरं काय? त्यांनी तिला उजव्या हातानं टेबलावर ठेका धरायला लावला, कधी सावकाश, कधी जलद. डाव्याची थरथर त्या ठेक्याबरोबर बदलत गेली, मध्येच थांबली. सापडली, मी मनात म्हणालो. ती बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले — कंपवात असता तर असं झालं नसतं. लक्ष दुसरीकडे गेलं की ही थरथर थांबते, हातावर आलं की वाढते. तुमच्या वहीतही तेच आहे. पण त्या मुद्दाम करत नाहीत. आजार खरा आहे, व्यायामानं बरा होऊ शकतो. त्यांना नीट समजावा, महिन्यानं घेऊन या.

आणि घरी येऊन मी काय सांगितलं? “डॉक्टरांनीबी पकडलं.” एवढंच. का? — जेवताना बोललेला शब्द सगळ्यांसमोर परत घ्यावा लागला असता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी अक्का पूजेला बसली ती हाताकडेच बघत. आम्हीही बघत होतो. तळहात थरथरला. लिंग पडेल म्हणून तिनं उजव्या हातानं सावरलं.

“आता हितंबी हालायलाय रं,” ती म्हणाली. “मी करत न्हाई, बाबू.”

मला ते माहीत होतं. अख्ख्या घरात मला एकट्यालाच. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

महिन्यानं तिला नेलं नाही. नंतरही नाही. अक्का आता दार लावून पूजेला बसते.