वहिनींचं बंद पाकीट

रविवारची सकाळ. गॅसवर दूध वर येऊ पाहत होतं, सर दाढीला फेस लावून आरशासमोर उभे होते आणि वहिनी काचेचा एकेक पेला खिडकीच्या उजेडात धरून निरखत होत्या. सोळा पेले. धुऊन, पुसून, पालथे घालून झाले होते, तरी नाक लावून बघणं चालूच होतं.

"साबणाचा एवढासा वास राहिला तरी सगळं मुसळ केरात," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

तेवढ्यात दार वाजलं.

"अहो, बघा ना. माझे हात ओले आहेत."

अर्धी दाढी फेसातच ठेवून सरांनी दार उघडलं. दारात बेकरीवाल्याची बायको. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली तिने पोटाशी अशी धरली होती, की जणू तान्हं मूल असावं. नवऱ्याची बाटली पोचवायला ती आली, यात नवल नव्हतं. पण बाटली देऊनही ती उंबऱ्यावरून हलेना, तेव्हा तिला वहिनींशीच बोलायचंय हे सर समजले आणि तिला आत पाठवून आरशाकडे परतले. कान मात्र स्वयंपाकघरात राहिले.

वहिनी एकतीस वर्षं इस्पितळाच्या रक्त तपासायच्या खोलीत होत्या. तिथे माणसं नसत, नळ्या असत, आणि नळ्यांवर नंबर. निवृत्त झाल्या तरी नंबर सुटले नाहीत. घरातल्या डब्यांवर नावं नाहीत, आकडे आहेत. साखर म्हणजे सात, हे सरांना लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पाठ झालं.

अकरा वर्षांपूर्वी सर आणि त्यांचे तीन मित्र कुणाची स्कॉच भारी यावरून हमरीतुमरीवर आले होते. तेव्हा वहिनी आतून म्हणाल्या होत्या, "बाटली झाकून ठेवली तर तुमच्यापैकी एकालाही कळायचं नाही." झालं, चौघांच्याही वर्मी लागलं. तेव्हापासून वर्षातून दोनदा हा खेळ. प्रत्येकाने एक बाटली गुंडाळून वहिनींकडे द्यायची. वहिनी दार लावून मोजनळीने पंधरा-पंधरा मिलिलिटर ओतणार, रंग दिसू नये म्हणून पेल्याला खाकी कागद, कागदावर नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते बंद पाकिटात आणि पाकीट घड्याळाखाली. चार पेल्यांतून प्रत्येकाने आपली बाटली ओळखायची. वेळ दुपारी चारची, कारण जेवण उतरलेलं असतं आणि नाक ताजं असतं, असं वहिनींचं शास्त्र. चार खुर्च्या, चार पाट्या-पेन्सिली, मध्ये साधं पाणी. वहिनी उभ्या.

आणि अकरा वर्षं बहुतेक वेळा जिंकायचा तो बेकरीवाला. त्याला सगळे नाकशेठ म्हणत. रस्त्यापलीकडून पाव किती भाजला ते सांगायचा तो.

"ताई, एक मागते. नाही म्हणू नका," आत बेकरीवाली म्हणत होती.

"आधी बसा."

"ह्यांचं नाक गेलंय. त्या तापापासून. तीन महिने झाले, कशाचा म्हणून वास येत नाही. परवा पावाचे दोन ट्रे कोळसा झाले आणि हे भट्टीला टेकून उभे! मी दुकानातून ओरडत आले तेव्हा कळलं. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय मला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात. कधी, ते नाही सांगत. आज शेवटचा जातो म्हणाले. एकदा हसं झालं की पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. घर आणि भट्टी सोडली तर या तीन मित्रांशिवाय त्यांना आहे कोण हो?" तिचा आवाज ओला झाला. "त्यांच्या बाटलीला कुठला नंबर देणार, एवढं सांगा. मी त्यांच्या कानात सांगते. कुणाला कळणार नाही."

आरशासमोर सरांनी वस्तरा खाली ठेवला. सांगून टाक बाई, ते मनात म्हणाले.

"नंबर मी सख्ख्या नवऱ्याला कधी सांगितला नाही," वहिनींचा आवाज आला. "इस्पितळाचे सगळ्यांत मोठे डॉक्टर एकदा हात जोडून उभे होते माझ्यासमोर, माझ्या मुलाची नळी कुठली, तेवढं सांगा म्हणून. मी म्हटलं, नळीला बाप नसतो, नंबर असतो."

"मग राहिलं."

"राहिलं कसं? त्यांना पाठवा. आणि माझा निरोप द्या. जे जाणवेल तेच पाटीवर लिहायचं. अंदाज ठोकायचा नाही."

"तुमचा नियम मोठा, ताई," म्हणत बेकरीवाली उठली. चहाला थांबली नाही.

सर तरातरा आत आले. "अगं, एक आकडा सांगितला असतास तर आभाळ कोसळलं असतं का?"

"अहो, फेस वाळला तुमचा," वहिनी म्हणाल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आतून नळीची काचेवर किणकिण ऐकू येत राहिली.

चारला सगळे जमले. दातांचे डॉक्टर नवी टिपणवही घेऊन आले. सुतार नेहमीसारखा येतानाच जिंकल्याच्या थाटात. नाकशेठ सर्वांत शेवटी. खुर्चीत बसला आणि त्याने हात गुडघ्यांवर ठेवले.

पेल्यांवरच्या बश्या उचलल्या गेल्या. डॉक्टरांनी तोंड किंचित उघडं ठेवून पहिला पेला हुंगला, डोळे मिटले.

"एकमध्ये मध आहे. तीनमध्ये... थांबा... जुनं कपाट. आणि त्यात ओली छत्री."

"छत्री कधी चाटली होतीस?" सुताराने विचारलं.

"अरे, अनुभव लागतो."

"अनुभव? चाळीस वर्षं लाकडाचा भुसा खातोय मी. चार नंबर माझी. ओकचं पिंप कसं बोलतंय बघ!"

सरांनाही एक नंबर आपलीच वाटली. त्या धुराची ओळखच होती त्यांना. पण त्यांचं लक्ष पेल्यात नव्हतं. नाकशेठने पहिला पेला नाकाशी नेला, धरून ठेवला, खाली ठेवला. दुसरा. तिसरा. चौथा. वहिनींकडे त्याने एकदा पाहिलं. वहिनी पाण्याचा तांब्या हलवून बरोबर मध्यावर ठेवत होत्या.

मग त्याने पाटीवर एक ओळ लिहिली.

वाचन सुरू झालं. डॉक्टरांची तीन नंबर, सुताराची चार, सरांची एक. प्रत्येकाने छातीठोकपणे सांगितलं. नाकशेठची पाळी आली.

"मला चारही सारख्याच लागल्या."

सुतार मांडीवर थाप मारून हसला. "गेलं! नाकशेठचं राज्य गेलं! अरे, पाव वाटले की काय तुला, सगळे एका साच्यातले?"

नाकशेठच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने खुर्चीच्या हातांवर भार दिला. तो उठणार, आणि उठला की परत येणार नाही, हे सरांना लख्ख दिसलं.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पाकीट राहिलंय. अहो, फोडा."

सरांनी फोडलं. आत वहिनींचं टपोरं अक्षर. त्यांनी दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. "एक, बेकरी. दोन, बेकरी. तीन, बेकरी. चार, बेकरी."

वहिनींनी आतून ताट आणलं. चार बाटल्या. तिघांची सीलं जशीच्या तशी.

"ही फसवणूक आहे, वहिनी!" डॉक्टर म्हणाले.

"तपासणी आहे. आमच्याकडे महिन्यातून एकदा एकाच माणसाचं रक्त चार नंबर घालून कामात सरकवायचे. तपासणारा बघतोय की कल्पना करतोय, ते कळायला. ज्याचे चारही आकडे सारखे यायचे, त्याच्या हातात मी माझी नळी बेलाशक दिली असती." त्या नाकशेठकडे वळल्या. "निरोप पाळलात."

सुताराचं तोंड उघडंच होतं. डॉक्टर आपल्या ओल्या छत्रीकडे, म्हणजे वहीकडे, पाहत होते.

टाळ्या वाजणार तोच नाकशेठने हात वर केला. "थांबा. मी जिंकलो नाही." तो एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. "मला कशाचाच वास येत नाही. तीन महिने झाले. तोंडात जाळ होतो, तेवढा कळतो. म्हणून सारख्या."

सुतार म्हणाला, "म्हणजे ज्याला नाक नाही त्याचं बरोबर आलं, आणि आम्ही तीन नाकवाले तोंडावर आपटलो?"

नाकशेठच आधी हसला. मग सगळेच, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"उद्यापासून सकाळी भट्टीपाशी मी येऊन बसतो," सुतार म्हणाला. "करपलं की सांगेन."

"तुझं नाक आत्ताच बघितलं की!" नाकशेठ म्हणाला. "पण ये."

पेले आत नेताना सरांनी हळूच विचारलं, "अगं, मग नियम मोडलासच ना?"

"नंबर सांगायचा नाही, हा नियम. काय ओतते, ते अकरा वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी एक रिकामा पेला सवयीने नाकाशी नेला, क्षणभर धरला, आणि पाण्याखाली घातला. त्या दर वेळी असंच करतात, हे सरांना तेव्हा आठवलं. त्यांना वाटायचं, साबणासाठी.

निघताना सुतार दारातूनच ओरडला, "वहिनी, आज तुमचं राज्य! मागा काय हवं ते. कपाट मागा, पलंग मागा, करून देतो."

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी मांडलेल्या चार खुर्च्यांकडे बघितलं.

"पुढच्या वेळी ओतायला दुसरं कुणीतरी बघा," त्या म्हणाल्या. "मला एकदा तुमच्यात बसून ओळखायचंय."