तामानरासेत, हवेतून एक तास

वाळवंटातल्या जानेत गावच्या विमानतळावर तामानरासेत शहराचं अंतर विचारणाऱ्या प्रत्येकाला अनाबा एकच उत्तर देई. "हवेतून साडेचारशे किलोमीटर, एक तास. गाडीनं दोन दिवस, तेही वाळूची मर्जी असली तर." सामानाच्या काट्याजवळ त्याची खुर्ची होती. त्याआधी वीस वर्षं त्याने याच वाटेवर गाडी चालवली होती.

त्याचा थोरला भाऊ अखामूक तामानरासेतला राहायचा. तो वाळवंटातला वाटाड्या. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. एका लग्नात, दीडशे माणसांसमोर, अनाबा थट्टेने म्हणाला होता, "आमचा दादा स्वतःच्या तंबूची वाटसुद्धा चुकतो." लग्नाच्या महिनाभर आधीच अखामूक खरोखर चुकला होता आणि बरोबरचे दोन प्रवासी तहानेने मरता मरता वाचले होते. तोवर ते घरात दबलेलं होतं. लग्नानंतर अखामूकला कोणी कामाला बोलावलं नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी पुतण्याचा, बिस्काचा, दवाखान्यातून फोन आला.

"काका, डॉक्टर म्हणतात आजचाच दिवस. बाबांच्या कानाला फोन लावतो, बोला."

आमच्याकडे मरणाऱ्याची माफी हातात हात घेऊन मागतात. अनाबा एवढंच म्हणाला, "दादा, दहाच्या विमानानं येतोय. तासाभराचं तर अंतर आहे."

साडेनऊला वारा सुटला. दहाला धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. तिकीट खिडकीवरच्या फातनाने चहा पुढे केला.

"बस रे. नऊ वर्षं तासाभराचं अंतर कापवलं नाही तुला, आणि आज घड्याळ बघतोस होय?"

अनाबाने चहा घेतला नाही.

दुपारी दोनला ती पुन्हा आली. "फोन कर आणि बोलून मोकळा हो. देव काय हातात हात आहे का ते बघत बसलाय?"

"फोनवर माफी मागून त्याला तोंड कसं दाखवू?"

"दाखवायला तो उरला तर ना, शहाण्या!"

चारला हवा निवळेल, असं कोणीतरी म्हणालं. अनाबा थांबला. पण साडेतीनलाच उड्डाण रद्द झालं, तेव्हा त्याने फोन लावला. बिस्का म्हणाला, "आत्ताच गेले, काका. दिवस मावळायच्या आत माती देतोय."

पुढचं विमान शनिवारी होतं. बिस्का त्याला न्यायला आला होता. गाडीत बसल्यावर त्याने सांगितलं, "तुमचा फोन झाला आणि बाबांनी तोंड झाकायचा फेटा मागितला. म्हणाले, धाकटा येतोय, उघड्या तोंडानं कसा भेटू? मी त्याचा पदर तोंडावरून घेऊन नीट बांधून दिला. मग उशीला टेकवून बसवायला लावलं. उजव्या हातात सलाईन होतं, ते नर्सला सांगून डाव्या हातात घ्यायला लावलं."

"का?"

"उजवा मोकळा हवा होता त्यांना."

कबर ओळखायला आता नुसते दोन दगड होते. माणूस गेल्यावर त्याची माफी मुलाकडे मागायची असते. परतताना अनाबाने बिस्काचा हात धरला आणि नऊ वर्षांपूर्वीचं ते वाक्य जसंच्या तसं सांगून माफी मागितली.

बिस्काने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी अदबीने.

"माफी देव देवो, काका," तो म्हणाला. "मला अजून जमणार नाही."