मी काढलेला बहिणीचा फोटो

अकोल्यात नोकरीला लागून चारेक वर्षं झाली तेव्हा मी पहिला कॅमेरा घेतला. त्यानंतर बारा-तेरा वर्षं तो माझ्या खांद्यावरून उतरला नाही. भाजी आणायला जाताना कॅमेरा, लग्नाला कॅमेरा, दवाखान्यात कोणाला भेटायला जातानाही कॅमेरा. ऑफिसातले लोक हसायचे. आमचा सहा-सात जणांचा ग्रुप होता, सगळे माझ्यासारखेच नोकरदार. रविवारी पहाटे कापशीच्या तलावावर पक्ष्यांसाठी दबा धरून बसायचो, पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात भिजायचो. ग्रुपमधले एक वयस्क गृहस्थ नेहमी सांगायचे, ज्या दिवशी कॅमेरा घरी ठेवाल, नेमका त्याच दिवशी आयुष्यातला फोटो समोर येईल. ते मी फार मनावर घेतलं होतं.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला चांदूर बाजारजवळच्या एका गावात दिली होती. संत्र्याची बाग, थोडी वांगी-टमाटर, घरातली सगळी माणसं राबणारी. तिचा नवरा, आमचा जवाई, मोकळ्या स्वभावाचा. मी दारात दिसलो की ओरडायचा, "आले आमचे फोटोवाले!" मग मला ओढत बागेत न्यायचा. "या झाडाचा काढा. याले पानं कमी अन् संत्रे जास्त हायेत." मी दोन-चार काढायचो. ते त्याला दाखवायचे राहून जायचे.

तो बेचाळिसाव्या वर्षी गेला. सकाळी बागेत पाणी द्यायला गेला, छातीत दुखतं म्हणून बांधावर बसला आणि तिथंच आडवा झाला. मला फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. तोंड पुसलं, गाडीची किल्ली घेतली आणि कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावली. विचार करून नाही लावली. चष्मा लावतो तशी लावली.

अंगणात गाव जमलं होतं. मी बहिणीजवळ गेलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती माझा शर्ट मुठीत धरून रडली. मीही रडलो. मग माणसं तिरडीच्या तयारीला लागली आणि बायकांनी तिला ओसरीच्या टोकाला नेऊन बसवलं. तिच्या चुलतसासूनं तिचा हात पाट्यावर ठेवला आणि दगड उचलला. हिरव्या बांगड्या होत्या, मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत.

आजूबाजूच्या काही गावांनी ही रीत बंद केल्याचं मी पेपरात वाचलं होतं. ऑफिसात चहाच्या वेळी त्यावर मोठं भाषणही ठोकलं होतं. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं ते ऊन. टिनाच्या फटीतून तिरपं येऊन ते तिच्या चेहऱ्यावर आणि बांगड्यांवर पडलं होतं. कॅमेरा कधी डोळ्याला लागला मला कळलं नाही. तिनं मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. तीन फोटो. मग काच फुटल्याचा आवाज आला.

घरी आल्यावर बरेच दिवस मी ते फोटो उघडले नाहीत. उघडले तेव्हा मधला पाहून अंगावर काटा आला. असा फोटो मी आजवर काढला नव्हता. तो मी ग्रुपला दाखवला, आणि अमरावतीच्या एका हॉलमध्ये आमचं प्रदर्शन भरलं तेव्हा मोठा करून लावला. वाईट चालीविरुद्ध आवाज उठेल, असं स्वतःला समजावलं. बहिणीला विचारलं नाही. ती कशाला येते इथं पाहायला, असंही मनात होतं. लोक त्या फोटोसमोरून हलत नव्हते. त्याला पहिलं बक्षीस मिळालं.

माझी भाची तेव्हा अमरावतीलाच होस्टेलवर राहून शिकत होती. मैत्रिणींबरोबर ती सहज प्रदर्शनात शिरली आणि भिंतीवर तिला तिची आई दिसली. मला न भेटताच ती निघून गेली आणि तिनं घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण एसटीनं एकटीच आली. फोटोसमोर उभी राहिली. शेजारी दोन कॉलेजची पोरं त्या डोळ्यांविषयी बोलत होती. पोरं पुढं सरकेपर्यंत बहीण थांबली. मग म्हणाली, "दादा, ते पोट्टे म्हणत होते, बाई कॅमेऱ्यात कशी पाहून राहिली. मी कॅमेऱ्याकडे नव्हती पाहत. मी तुह्याकडे पाहून राहिली होती."

मी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मले वाटलं, आता तू म्हणशील, नका फोडू. तू माहेरचा मोठा माणूस. तुहा शब्द कोणी मोडला नसता."

"मले सुचलं नाही गं."

"फोटो काढाचं सुचलं ना."

आवाज चढवला नव्हता तिनं. मी तिथल्या तिथं फोटो उतरवला. घरी येऊन तिन्ही फाइली पुसल्या, बक्षीसही परत केलं. ते मी तिला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "बरं केलं." प्रदर्शनातून निघताना मी तिला जेवायला चल म्हणालो होतो, ते तिला नको होतं. मी तिला स्टँडवर सोडलं. गाडीत चढताना ती म्हणाली, "येते मी. तुमी जा आता." जन्मभर मला अरे-तुरे करणारी माझी बहीण त्या दिवसापासून मला तुमी म्हणते. सणावारी फोन करते, भाऊबीजेला ओवाळते, तब्येत विचारते. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

कॅमेरा मी बाहेर नेणं सोडलं. ग्रुपमधल्यांनी दोन-तीनदा बोलावलं, मग तेही थांबले.

तीन वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. भाची मधल्या काळात माझ्याशी पुन्हा मोकळेपणानं बोलू लागली होती. ती म्हणाली, "मामा, तुमीच काढा ना फोटो." बहीण आतून म्हणाली, "फोटोवाला सांगतला आहे. मामाले मामाचं काम करू दे."

लग्नाच्या दिवशी नवरीला मांडवात आणायला मी गेलो. बहीण स्वयंपाकघराच्या दारात, बायकांच्या मागं उभी होती. नवी साडी, हात मोकळे. तिला कोणी मागं हो म्हटलं नव्हतं, ती आपणच तिथं थांबली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तू पुढं चल. पोरीची माय आहेस तू. कोणी काही म्हणत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात.

"तुमी व्हा समोर," ती म्हणाली, "पोरगी थांबून राहिली."

मग भटजींनी हाक दिली आणि मी भाचीचा हात धरून मांडवात आलो. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडव्याला बहीण दारातूनच अक्षता टाकत होती. त्या मांडवापर्यंत पोचत नव्हत्या.