धार वाढवणारी मावशी

वानखडे गुरुजींमुळे मी पदवीधर झालो. माझी प्रतिकारशक्ती कमी आहे. दर महिन्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, सलाइन घ्यायलाही त्यांनीच लावलं.

आज शेजारच्या खाटेवर मेहकरची एक मावशी तेच औषध घेत होती. सारखी घड्याळ पाही, आणि सिस्टरची पाठ वळली की नळीवरचं चाक फिरवून सलाइनची धार वाढवी.

"मावशी, त्यानं डोकं दुखत नाही?"

"दुखते ना! मान लाकडावानी होते, उजेड पाहवत नाही. पण गाडी थांबते काय माह्यासाठी? सिस्टरले सांगू नको बापू, औषधच बंद करतीन."

मी सिस्टरला सांगितलं. धार कमी झाली, पण औषध चालूच राहिलं; डॉक्टर तपासायला आले. गाडी चुकली. मावशी डोळ्यांवर पदर ओढून पाठ फिरवून पडली.

घरी येऊन पत्र लिहिलं : "गुरुजी, आज मी एका बाईचं दुखणं सांगून टाकलं. माझीही मान गेले तीन महिने सलाइननंतर आखडते आहे. औषध बंद होईल म्हणून मी गप्प होतो. उद्या डॉक्टरांकडे जातो."