शर्यतीच्या गाडीची खांदशेकणी

मोटारीविषयी लिहायला बसलो, याबद्दल आधीच वाचकांची क्षमा मागतो. मला मोटार चालवता येत नाही. लिहिण्याचाही मला फारसा अधिकार आहे असं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही मागच्या बाकावर अंग चोरून बसणारा. पण काकांच्या गाडीची हकीकत दुसरं कोण लिहिणार? काकांना लिहिण्याचा कंटाळा, काकूला ती आठवली की हसू आवरत नाही, आणि बाबांसमोर तो विषय काढायची कुणाची हिंमत होत नाही. राहिलो मी.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीहून बडनेऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची भाजी-फुलांची वाडी होती. त्याच्या कितीतरी आधी, इंग्रजांच्या राज्यात, काका तरुण असताना एकदा वांग्यांनी भरलेली बैलबंडी घेऊन बडनेऱ्याला निघाले होते. मागून अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या गोऱ्या मॅनेजरची उघडी, दोन सीटची विलायती गाडी आली आणि पाहता पाहता दिसेनाशी झाली. बैल बुजले, वांगी रस्त्यावर सांडली. दुसरा कुणी असता तर त्याने शिव्या दिल्या असत्या. काका धुळीत उभे राहून हसत होते.

"वांगे वेचाचे सोडून हा येडा तिकडंच पाहून राह्यला होता," असं बाबा पुढे कित्येक वर्षं सांगत.

स्वातंत्र्यानंतर मॅनेजर विलायतेला गेला. गाडी त्या फॅक्टरीच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांखाली पडून राहिली. काकूचं माहेर अकोल्याचं. एका दिवाळीत सासरवाडीला गेलेल्या काकांना ती तिथे दिसली. उंदरांनी तिच्या सीटमध्ये संसार थाटला होता आणि ती कुणालाच नको होती. काकांनी घरी येऊन म्हशीची वगार विकली आणि गाडी ट्रकच्या मागे बांधून आणली. काकू दारात उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"वगार पुढच्या वर्षी दूध देणार होती," ती म्हणाली. "हे काय देणार हाये?"

"हे शंभर मैलानं पळते," काका म्हणाले.

"मंग पळव ना बाप्पा. ट्रकले कावून बांधली?"

गाडी शर्यतीच्या जातीची होती. वेगाचा काटा खरोखरच शंभरपर्यंत जाणारा होता, इंजिनाला दोन कार्ब्युरेटर होते, आणि बॉनेट इतकं लांब की काकू त्यावर मिरच्या वाळत घाले. गाडीसोबत एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मी इंटरला होतो म्हणून ते माझ्याकडे देण्यात आलं. इंग्रजी येतं म्हणजे इंजिन समजतं, अशी घरात सगळ्यांची समजूत होती, आणि ती मोडायचं धाडस मला होत नव्हतं. मी कॉलेजातून डिक्शनरी आणून ओळ ओळ वाची. कुठलीही अडचण शोधा, शेवटी एकच सल्ला असे: गाडी आपल्या जवळच्या विक्रेत्याकडे न्यावी.

"विक्रेता कुठं हाये म्हणते?" काका विचारत.

"विलायतेत असेल."

"मंग राहू दे. दुसरं पान वाच."

काका वाडीतल्या विहिरीवरचं इंजिन स्वतः दुरुस्त करत, त्याच हातांनी त्यांनी ही गाडी जगवली. इंजिनाचं हेड गॅस्केट शहरातल्या तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यातून कापून घेतलं. वरचा कापडी टप फाटला होता, तो ताडपत्रीचा शिवला. दोन कार्ब्युरेटर सारखे करायचे असत. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज ऐकायचा. एकाचा आवाज काका ऐकत, दुसऱ्याचा मी. दोघांचा आवाज जुळला की काकांचा चेहरा भजनातल्या माणसासारखा होई. पेट्रोल परवडत नसल्यामुळे गाडी बहुतेक वेळा उभ्या जागीच चाले. संध्याकाळी काका स्टीअरिंग धरून बसत, मी शेजारी बसे, आणि इंजिन ऐकत आम्ही कुठे कुठे जाऊन येत असू.

रेडिएटर गळत होता. त्यात काकांनी मूठभर हळद टाकली. कोण्या ट्रकवाल्याने त्यांना ते सांगितलं होतं. गळती खरंच थांबली. बाबा शेजारी उभे राहून पाहत होते.

"म्हणजे हळद मानवते हिले," ते म्हणाले. एवढंच म्हणाले, पण ते त्यांच्या मनात राहिलं.

पावसाळा लागला तरी गाडी वाडीच्या फाटकाबाहेर गेली नव्हती. शेवटी काकूने काका-बाबांसमोर निकाल दिला. बाबा तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर, त्यांच्याशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून घरातली महत्त्वाची वाक्यं ती माझ्याकडे बघून बोले.

"बाबू, सांग यायले. दसऱ्यापोतर या गाडीनं मले माहेरी, अकोल्याले न्यावं. वाटेत एकदाही ढकलाची नाई. नेलं तर राह्यली गाडी अंगणात. नाई तर दसरा झाला का भंगारवाला."

त्या दिवशी काका जेवले कमी आणि पाना हातात घेऊन अंगणात जास्त बसले. गाडी भंगारात जाईल ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. पोळा झाला की लगेच अकोल्याला जायचं, असं त्यांनी ठरवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळायची, आणि बैलाला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाबांनी दोन्ही बैलांचे खांदे शेकले. वाटीत लोणी उरलं. त्यांनी अंगणात उभ्या गाडीकडे पाहिलं.

"हे बी आपलंच जनावर," ते म्हणाले. "परवा लंब्या वाटंनं जाणार हाये."

त्यांनी बॉनेट उघडलं. पंख्याचा पट्टा आम्ही वारंवार ताणून बसवत होतो, तेव्हा काकांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं की सगळी ओढ या पट्ट्यावर पडते. म्हणजे खांदा हाच. त्यांनी तो पट्टा आतून-बाहेरून मन लावून चोळला, हात जोडले आणि गाडीलाही आवतन दिलं. मी वाटी धरून होतो. मला त्यात काही चूक दिसली नाही. उलट डोळे भरून आले. काका तेव्हा पेट्रोल आणायला गेले होते.

पोळ्याच्या दिवशी बैलांना काम नसतं, म्हणून गाडीही सुरू करायची नाही, असं बाबांनी बजावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू नवं लुगडं नेसून, डोक्यावरचा पदर दातात धरून गाडीत बसली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि वाऱ्यासारखी गेली. पट्टा किंचाळत होता, पण काकांना वाटलं असावं की गाडी आनंदाने ओरडते आहे. मी सायकल घेऊन उगीच मागे निघालो. ते दिसणार नाहीत हे माहीत होतं.

ते दिसले. बडनेरा यायच्या आत रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती आणि बॉनेटमधून पिवळी वाफ निघत होती. काका पट्टा बोटांत धरून वास घेत होते.

"बाबू," ते म्हणाले, "याले लोण्याचा वास कावून येऊन राह्यला?"

मी सांगितलं. काका रस्त्यावरच बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. लोण्याने पट्टा घसरत होता, पंखा आणि पाण्याचा पंप फिरत नव्हते, पाणी उकळलं होतं. मी सायकलने घरी जाऊन सांगितलं, तसे बाबा बैल घेऊन आले. शिंगांना बेगड, अंगावर झूल, कालचा सगळा थाट तसाच होता. त्या सजलेल्या बैलांनी शंभर मैलांची गाडी ओढत घरी आणली. काकू गाडीतून उतरली नाही. रस्त्याने लोक थांबून पाहत होते.

"कोनाची वरात होय?" एकाने विचारलं.

"हळदीची होय," काकू म्हणाली. "लागून राह्यली अजून."

घरी आल्यावर बाबा खाली मान घालून बसले. मग उठले आणि चुलीतली राख व शिकेकाई घेऊन तो पट्टा स्वतः घासू लागले. काकू माझ्याकडे वळली.

"बाबू, सांग यायले. यात गाडीचा दोष नाई. दसऱ्याच्या दुसऱ्या रोजी परत निघू. पण मंग त्याच्यानंतर नाई."

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. बाबा वाटी घेऊन आले तसे काका आडवे आले.

"दादा, पाया पडतो तुह्या. कुंकू लाव. ते बी बाहेरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे निघाले. सायकलने मागे जायचं मी टाळलं. न जाणो, माझ्या जाण्यानेच गाडी थांबते की काय, असं वाटलं. कॉलेजला सुट्टी होती. दुपारी मी काही खबर मिळते का पाहायला एसटी स्टँडवर जाऊन बसलो. मूर्तिजापूरची बस आली, तिच्यात कुणाला काही माहीत नव्हतं. दर्यापूरची आली, तिच्या ड्रायव्हरने मला वेड्यात काढलं. अकोल्याहून एक आली, पण ती अकोल्याहून फार लवकर निघालेली होती. रस्त्याच्या कडेला माळ घातलेली, वाफा सोडणारी गाडी मला सारखी दिसत होती, आणि अंगणातल्या रिकाम्या जागेकडे पाहत बसलेले काकाही.

उन्हं कलल्यावर सकाळी अकोल्याला गेलेली बस परत आली. तिचा कंडक्टर आमच्या वाडीवरून भाजी नेणारा, ओळखीचा. तो उतरला तोच माझ्यावर तणतणत.

"कारे बाबू, तुह्या काकूले काही समजते का नाई? बोरगावजवळ आमच्या भरल्या बसले मागं टाकलं! अन् वरून मले हात दाखवते! डोक्यावर पदर नाई, काही नाई, वाऱ्यावर उडून राह्यला. काकाले म्हणे, 'अजून पळव, अजून पळव.'"

मी विचारलं, "पण कुठं ढकलावी लागली काय त्यायले?"

"ढकलाले थांबली पाह्यजे ना ते!" कंडक्टर म्हणाला. "अकोल्याच्या स्टँडावर भेटले दोघं. तुह्या काकूनं निरोप सांगतला: भासऱ्याले सांगा, म्हणे, अंगणात गाडीवर छप्पर टाका."