रशीदभाईंची न हरवलेली वही

रशीदभाई तांबोळी सर्व्हरला कधी एकट्याने हात लावत नसत. गुरुवारी सकाळी ते खडकीहून स्कूटरवर कर्वेनगरला आमच्या संस्थेत यायचे, हेल्मेट खिडकीत ठेवायचे, पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "वाचा." वहीत त्यांनीच घरून लिहून आणलेल्या आज्ञा असायच्या, एकेक इंग्रजी अक्षर सुटं. मी अक्षर उच्चारायचो, ते टाइप करायचे. ओळ पुरी झाली की ती स्वतः मोठ्याने वाचायचे आणि मी "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढची कळ दाबायचे नाहीत. शेवटी पानाखाली दोघांच्या सह्या.

मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, संस्थेचा सचिव. एकदा कंटाळून म्हणालो, "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मला कशाला बसवता?"

"म्हणूनच तुम्ही हवेत, केळकरसाहेब. ज्याला कळतं तो अंदाजाने वाचतो."

ही रीत त्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून आणली होती. तिथे त्यांची अख्खी नोकरी एकाने सूचनांचं कार्ड वाचायचं, दुसऱ्याने काम करायचं, मग दोघांनी सही करायची, अशी गेली. "तिथे चुकणारा माणूस चूक कबूल करायला उरत नाही," असं ते चहा ढवळत म्हणायचे. मला तेव्हा हा विनोद वाटायचा.

ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्यांतल्या बऱ्याच जणांनी रशीदभाईंना पाहिलेलं नाही. आपल्या संकेतस्थळावर अंध मुलांना शाळा-कॉलेजची पुस्तकं ऐकायला मिळतात, ते संकेतस्थळ त्यांनी उभं केलं. मुलगी नसरीन इंजिनिअरिंगला होती, तेव्हा तिची पुस्तकं वाचून ते हे सारं शिकले. मानधन कधी घेतलं नाही. घेतला तो चहा, तोही बिनसाखरेचा.

सहा वर्षांपूर्वी जुना सर्व्हर थकला. नवा घ्यायचा, तर त्यावर कोणती प्रणाली बसवायची हा प्रश्न आला. रशीदभाईंचं मत लिनक्सचं होतं, तेही आवृत्ती अगदी नवी नको, दोनेक वर्षं लोकांनी वापरून झालेली आणि पुढे बरीच वर्षं दुरुस्त्या मिळणार असलेली. पडद्यावर चित्रं नाहीत, माउस नाही, नुसती काळी पाटी आणि अक्षरं.

"निदान चित्रं तरी असू द्या," मी म्हणालो.

"जिथे कोणी बसणार नाही तिथे खुर्ची कशाला? खुर्ची ठेवली की कोणीतरी येऊन बसतं." मग गंभीर होऊन म्हणाले, "प्रणाली निवडताना मी दोनच गोष्टी विचारतो. दुरुस्त्या किती वर्षं येणार? आणि उद्या मी मेलो तर दुसऱ्याला हे चालवता येणार का? वही आहे. कोणीही चालवेल."

मला पटलं होतं. हे मी आज मुद्दाम लिहितो आहे. मला पटलं होतं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मात्र एक ज्येष्ठ सदस्य, आता हयात नाहीत, हळूच म्हणाले, "केळकर, माणूस भला आहे हो. पण संस्थेच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याच हातात? म्हणजे... त्यांच्या?" त्या 'त्यांच्या'वरचा जोर खोलीतल्या सगळ्यांना समजला. कोणी हरकत घेतली नाही. मीही नाही. मी एवढंच म्हणालो की, मग मला स्वतःला चालवता येईल अशी प्रणाली घेऊ, माझ्या घरच्या संगणकावर असते तशी. सर्व्हरची प्रणाली सर्व्हरकडे पाहून नव्हे, एका माणसाच्या नावाकडे पाहून ठरली.

गुरुवारी मी रशीदभाईंना निर्णय सांगितला. कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. "घरून उघडता यावं असंही हवंय का तुम्हाला?"

"हो. आणि पासवर्ड जरा लक्षात राहील असा द्या."

त्यांनी वही उघडली, बराच वेळ लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवली. "वाचा." मी मनातल्या मनात वाचलं. "मोठ्याने," ते म्हणाले. मी मोठ्याने न वाचताच सही केली. त्यांनी सांगितलं तसं सगळं बसवून दिलं, आणि जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली. "चालवणार तुम्ही. ही आता तुमच्याकडे असू द्या."

पुढे वर्षभर पडद्यावर दुरुस्त्या बसवण्याची सूचना येत राहिली आणि मी 'नंतर' या शब्दावर बोट ठेवत राहिलो. दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे असताना कोणीतरी बाहेरून शिरलं आणि सगळ्या ध्वनिमुद्रणांना कुलूप लावून गेलं. पुस्तकं जागच्या जागी, पण एकही उघडेना. मुलांचे फोन यायला लागले. एक मुलगी नुसती रडत होती.

तातडीची बैठक झाली. रशीदभाईंनाही बोलावलं. "सर्व्हर तुम्ही बसवलात ना?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "मीच बसवला. कसा बसवायचा हे कोणी ठरवलं ते वहीत आहे. साहेबांकडे आहे वही."

सगळे माझ्याकडे वळले. वही माझ्या घरी कपाटात, शालींच्या खाली होती. बैठकीला येण्यापूर्वी मीच ती तिथे ठेवली होती. मी म्हणालो, "वही सापडत नाही."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, हेल्मेट उचललं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या वॉचमनकडे एक हार्ड डिस्क आली. वर पट्टी चिकटवलेली: 'दहावी, सर्व विषय. तपासून घ्यावे.' ते दर महिन्याला एक प्रत घरी ठेवायचे आणि नव्या सर्व्हरवरही त्यांनी ते थांबवलं नव्हतं. त्या डिस्कच्या जोरावर मुलांनी परीक्षा दिली. आणि त्याच ज्येष्ठ सदस्यांनी पुढच्या बैठकीत विचारलं, "आपल्या वस्तूंच्या प्रती यांच्या घरी कशा?" इतिवृत्तात 'श्री. तांबोळी यांच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं गेलं. इतिवृत्त लिहिणारा सचिव मीच. अक्षर माझंच.

त्यानंतर ते एकदाच भेटले, खडकी स्टेशनच्या बाहेर. खंगले होते. माझ्या घरच्यांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. निघताना म्हणाले, "वही सापडली का, साहेब?"

"नाही हो."

"सापडेल. फार जपून ठेवलेल्या वस्तूला वेळ लागतो."

गेल्या श्रावणात ते गेले. मला आठवड्याने कळलं. वही पिशवीत घालून मी खडकीला गेलो. नसरीनने दारातच ओळखलं, आत बसवलं, बिनसाखरेचा चहा दिला. त्या घरात दुसरा होत नसावा. मी सगळं सांगितलं आणि त्या गुरुवारचं पान उघडून वही पुढे केली. तिने ते पान उभ्यानेच वाचलं.

"काका, सही तुमचीच ना?"

"हो."

"अब्बांना माहीत होतं, वही तुमच्याकडे आहे ते?"

"माहीत होतं."

तिने वही मिटून परत माझ्या हातात दिली. "मग मला नका देऊ. ज्यांच्यासमोर हरवली, त्यांच्यासमोर सापडू द्या."

म्हणून ते पान इथे उतरवून देतो आहे:

'प्रणाली बदलू नये असे माझे मत आहे. दुरुस्त्या वेळच्या वेळी न बसवल्यास व पासवर्ड सोपा ठेवल्यास बाहेरून कोणीही शिरेल. सचिवांना समजावून सांगितले. सचिवांचा निर्णय वेगळा. त्यांच्या सांगण्यावरून बसवून देत आहे. र. तांबोळी.' खाली माझी सही.

वार्षिक सभेत हे पान मी उभा राहून वाचणार आहे, आणि इतिवृत्तातली ती ओळ रद्द करावी असा ठराव मांडणार आहे. ठराव संमत होईल की नाही, ठाऊक नाही. कारखान्यात चुकणारा माणूस कबूल करायला उरत नसे. मी उरलो आहे. त्या गुरुवारी त्यांनी मोठ्याने वाचायला सांगितलं होतं, ते एवढं तरी करतो.